पहिला मार घरच्या मुलीला

शाळेत मार सगळ्याच पोरांना बसायचा. त्या काळी न मारणारा मास्तर म्हणजे आळशी मास्तर अशीच समजूत होती, आणि आईबाप पोराला शाळेत सोडताना स्वतःच बजावून जायचे की बघा, बिलकुल हयगय करू नका. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. माझं म्हणणं एवढंच होतं, की चुकलं कुणाचंही असो, पहिला मार माझ्या मुलीला का? आणि मारणारा कोण, तर तिचा सख्खा बाप.

गुरुजी म्हणजे माझे यजमान. सगळं जग त्यांना गुरुजी म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणायला लागले आणि पुढं तेच तोंडात बसलं. मोठा दुष्काळ सरला, त्यानंतर त्यांची बदली तीर्थपुरीच्या अलीकडच्या एका गावी झाली. गावाचं नाव मी सांगणार नाही. ते नाव उच्चारलं की अजून माझा दिवस नासतो. चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या आणि मास्तर एकच. दुसरे एक मास्तर कागदावर होते, ते कधी उगवलेच नाहीत. आम्ही बौद्ध. आमच्या लग्नाआधीच आमची दोन्ही घरं बौद्ध झालेली होती, आणि गुरुजी त्यांच्या घरातले पहिले शिकलेले. खुर्चीवर बसून गावातल्या सगळ्या आळ्यांच्या पोरांना शिकवायचं, हे त्यांना फार मोठं वाटायचं. मलाही वाटायचं, खोटं का बोलू. मुलगी तेव्हा नुकतीच पहिलीत बसली होती आणि धाकटा माझ्या कडेवर होता.

गावात एक बागाइतदार होते. मोसंबीची मोठी बाग, विहिरीवर इंजिन, हाताखाली सालगडी. त्यांचा मुलगा गुरुजींच्या वर्गात होता. आमच्या वस्तीतल्या एका पोराच्या पाटीवर तो थुंकला, एकदा सांगितलं तरी पुन्हा थुंकला, तेव्हा गुरुजींनी निरगुडीच्या फोकानं त्याच्या हातावर दोन मारले. निरगुडीचा फोक ज्यानं खाल्लाय त्याला मी सांगायला नको. तो तुटत नाही, नुसता वाकतो आणि कातडीला चिकटून वर येतो.

दिवस मावळायच्या आत बागाइतदार आमच्या दारात आले. बरोबर भाऊ, सालगडी, काठ्या. पुढच्याच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. मी चुलीपाशी होते. ते शिव्या देत नव्हते, ओरडत नव्हते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. बागाइतदार एवढंच म्हणाले, "मास्तर, आमच्या लेकराला मारायलास. सोताच्या लेकराला मारशील का असं?"

गुरुजींचे ओठ पांढरे पडलेले मी पाहिले. त्यांनी मागं वळून घरात नजर टाकली. मुलगी भिंतीला टेकून पाटीवर काहीतरी गिरवत होती. त्यांनी तिचा दंड धरला, तिला ओढत अंगणात नेलं आणि त्याच फोकानं मारायला सुरुवात केली. आधी हातावर, मग पोटऱ्यांवर, मग जिथं लागेल तिथं. तिला काही कळेना. आपलं पाठांतर चुकलं म्हणून बाबा मारतायत असं तिला वाटलं असावं, कारण ती रडत रडत, "म्हणते बाबा, मी म्हणते," असं करत बेचा पाढा म्हणायला लागली. मी धावले. गुरुजींनी मला ढकललं आणि माझं कपाळ चौकटीवर आपटलं. ती खूण अजून आहे, केसांनी झाकते मी. माणसं उभी राहून बघत होती. बे पंचे दहापर्यंत आल्यावर बागाइतदार म्हणाले, "बस, गुरुजी."

मास्तरचे गुरुजी झाले ते त्या वेळी. काठ्या खाली आल्या आणि माणसं आली तशी निघून गेली. जाताना कुणी पाणीसुद्धा मागितलं नाही. आमच्या घरचं पाणी त्यांना चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, की हा मास्तर सच्चा माणूस आहे, स्वतःच्या पोरीला सोडत नाही तर दुसऱ्याच्या पोराला कसा सोडेल. आणि त्यानंतर कुठल्याही आळीच्या, कुठल्याही घरच्या पोरावर हात टाकायची गुरुजींना मुभा मिळाली. तिची किंमत एकच. आधी आपलं लेकरू, मग दुसऱ्याचं.

ते शाळेचं वळणच पडलं. कुणी गृहपाठ केला नाही, कुणी भांडलं, कुणी खिडकीतून पळालं, की गुरुजी फोक उचलायचे आणि आधी आमची मुलगी उठायची. तिचं काही चुकलेलं असो नसो. पुढं पुढं तर नाव घ्यायचीही गरज पडत नसे. फोक फळीवरून निघालेला दिसला की ती आपणहून पुढं येऊन हात धरायची. तिचा हात घट्टे पडून माझ्या हातापेक्षा राठ झाला होता. तपासायला आलेल्या साहेबांनाही गुरुजी हे अभिमानानं सांगायचे आणि साहेबही मान डोलवायचे. मला त्या साहेबाच्या डोक्यात वरवंटा घालावासा वाटायचा.

मी गप्प बसले असं कुणी समजू नये. फोक मी चुलीत घातला. त्यांनी दुसरा तोडून आणला. तोही घातला. मग एका दुपारी कुदळ घेऊन ओढ्यावर गेले आणि निरगुडीचं झाड मुळासकट खणून काढलं, हाताला फोड येईपर्यंत. ओढ्याच्या कडेनं पाहिलं तर दूरवर नुसती निरगुडीच होती. बाया धुणं टाकून माझ्याकडं बघत राहिल्या. मी कुदळ खांद्यावर टाकून घरी आले आणि त्या दिवशी स्वयंपाक केला नाही, एवढीच माझी मर्दुमकी.

माझा थोरला भाऊ नवीन जालन्यात बियाण्याच्या एका कंपनीत वजनकाट्यावर होता. मुलगी तिसरीत जायची त्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडं गेले होते. त्याच्या घराजवळ मुलींची एक चांगली शाळा होती. मी त्याला घेऊन तिथं गेले आणि मुलीसाठी जागा मागितली. तिथल्या मोठ्या बाईंनी मुलीला दोन-चार प्रश्न विचारले, उत्तरं बराबर आली, पण तिसरीचा वर्ग भरलेला होता. नाव मागं लिहून ठेवते, म्हणाल्या, एखादी मुलगी सोडून गेली तर कळवू, पण तिच्याआधीही काही मुली आहेत. मी घरी येऊन गुरुजींना सांगितलं. ते हसून हो म्हणाले. अशी मागं लिहिलेली नावं मागंच राहतात हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून हो म्हणायला त्यांचं काही जात नव्हतं.

पोळा झाला आणि बुधवारी भाऊ स्वतः आला. सडकेवर उतरून चालत आल्यानं पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. तिथल्या एका मुलीच्या वडलांची बदली झाली होती, यादीत आधी असलेल्या मुली दुसऱ्या शाळांत बसल्या होत्या, आणि जागा आमच्या मुलीसाठी ठेवली होती. सोमवारपर्यंत दाखला घेऊन या, नाहीतर पुढच्या नावाला देऊ, असा बाईंचा निरोप. मुलगी माझ्याकडं राहील, माझ्या पोरींबरोबर जाईल-येईल, भाऊ म्हणाला. चहा घेऊन तो परतीच्या गाडीला निघूनही गेला. मी एवढी खूश झाले की दारातल्या कोंबडीलासुद्धा मूठभर ज्वारी जास्तीची टाकली.

गुरुजी नाही म्हणाले. शाळा सोडल्याचा दाखला देणारे तेच, कारण मुख्याध्यापकही तेच आणि शिपाईही तेच. त्यामुळं त्यांचं नाही म्हणजे सरकारी नाही होतं. आधी त्यांनी शहाण्या माणसासारखी कारणं दिली. साल अर्ध्यात आलंय. तिथं पुस्तक पुढं गेलं असेल. लहान आहे, आईविना राहणार नाही. पाचवीला जालन्यालाच पाठवायची आहे की, तोवर दोन सालांची तर गोष्ट. मग खरं वाटावं असं एक कारण दिलं, की गावच्या शाळेच्या मास्तरानंच आपली मुलगी काढून दुसरीकडं घातली तर लोक आपली पोरं कशाला ठेवतील. हे मलाही पटण्यासारखं होतं आणि पटलं असतंही, जर मला तिचा हात दिसत नसता.

गुरुवारी पुन्हा तोच विषय निघाला आणि आमचं जुंपलं. मी त्यांना भित्रा म्हणाले. बागाइतदाराच्या दांड्याला घाबरून पोरीला सोलणारा बाप, असं काहीतरी म्हणाले, शब्द आता नीट आठवत नाहीत, पण मऊ नव्हते. त्यांनी हातातला पितळी तांब्या फेकला. तो माझ्या खांद्याला लागून भिंतीवर गेला आणि भिंतीचा पोपडा पडला. मी चुलीतली फुंकणी उचलून त्यांच्या मनगटावर हाणली. लोखंडी फुंकणी, चांगली तापलेली. ते माझ्या केसांना धरून मला उंबऱ्यापर्यंत घेऊन गेले आणि मी त्यांच्या दंडाला चावले. पुस्तकांतून बाया मार खाऊन पदरात तोंड लपवतात, तशी मी कधी नव्हते. मुलगी मात्र आमचा आवाज वाढताच धाकट्याला उचलून शेजारच्या गोठ्यात घेऊन गेली होती. तिला तो रस्ता पाठ होता.

शुक्रवारी त्यांचं मनगट सुजलं. फोक धरवेना, म्हणून वर्गात त्या दिवशी कुणालाच मार बसला नाही. शाळा सुटल्यावर मी हळद आणि चुना कालवून लेप लावायला बसले. मारणारी मी, लेप लावणारीही मी, असाच आमचा संसार. लेप लावता लावता मी शांतपणे विचारलं, की एकदाचं खरं सांगा, का नाही म्हणता.

"ती गेली तर मी आधी कुणाला मारू?" ते म्हणाले.

मला वाटलं ते चेष्टा करून राहिलेत. पण ते खरंच विचारत होते. मग जे मनात साठलेलं होतं ते सगळं बाहेर आलं. आमच्या लग्नाआधी ते ज्या गावी होते, तिथं आमच्यातलेच एक मास्तर होते, त्यांनी एका मोठ्या घरच्या पोराचा कान पिळला होता. त्यांना सडकेवर गाठून मारलं आणि त्यांचा पाय कायमचा गेला. गुरुजींनी त्यांना बाजेवर घालून दवाखान्यात नेलं होतं. ही गोष्ट मला लग्नाला इतकी वर्षं होऊन पहिल्यांदा कळली. मारल्याशिवाय वर्ग चालत नाही, मारलं तर हे लोक सोडत नाहीत. त्या दिवशी अंगणात काठ्या कशानं माघारी गेल्या, तूच सांग, असं ते मला विचारत होते. मग म्हणाले, दोन सालं कशी तरी काढू. आणि अगदी सहज, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं, पुढं म्हणाले, "तिला धाडायचीच असंल तर जूनमधी धाड. तवा धाकटा पहिलीत येतोच की."

माझ्या हातातली वाटी मी त्यांच्या डोक्यात का घातली नाही, हे मला अजून सांगता येत नाही. हळदीचा हात तसाच घेऊन मी अंगणात जाऊन उभी राहिले. धाकटा मातीत बैल बैल खेळत होता. पोळ्याचे मातीचे बैल एव्हाना मोडले होते, तरी तो त्यांना पाणी पाजत होता. आतापर्यंत मला वाटत होतं की मुलीला बाहेर काढायचं की नाही, एवढंच ठरवायचंय. आता कळलं, की तिला काढलं तर तिच्या जागी हा उभा राहणार. आणि कुणालाच उभं केलं नाही तर अंगणात पुन्हा काठ्या येणार.

मी मुलीला मागल्या दारी घेऊन बसले आणि तिलाच विचारलं. जालन्याला मामाकडं राहायचं का, तिथल्या शाळेत जायचं का. तिला जायला आवडेल हे मला माहीत होतं. उन्हाळ्यात त्या शाळेचा झोपाळा बघून ती किती दिवस तेच बोलत होती. पण तिनं मान हलवली. का, म्हणून विचारलं तर खाली बघत म्हणाली, "मी गेल्यावर ते लोक बाबांना मारतेत. अन् धाकट्याचा हात लई लहान हाय."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी माहीत होतं. आपण कशासाठी मार खातो हे तिसरीतल्या पोरीनं स्वतःच शोधून काढलं होतं, आणि ते काम आपलं म्हणून ती करत होती. मला रडू आलं नाही. मला त्या गावाला काडी लावावीशी वाटली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बागाइतदाराच्या बागेसकट.

दोन्ही पोरं घेऊन भावाकडं कायमचं निघून जावं, हाही विचार केला. त्याची एकच खोली, त्यात त्याचा स्वतःचा एवढा बारदाना. पण खोलीचं निमित्त होतं. खरं कारण असं, की मला गुरुजींचा राग होता, पण त्या दांड्यापुढं त्यांना एकटं टाकून जावं इतका नव्हता. बदलीसाठी त्यांनी अर्ज केलेले होते आणि त्यांची उत्तरं कधी आली नव्हती. यापलीकडं मला काही सुचत नव्हतं. शनिवारी सकाळची शाळा असायची. धाकट्याला शेजारणीकडं ठेवून मी शाळेकडं निघाले. दाखला मागायचा, नाही दिला तर पोरांसमोर तमाशा करायचा, एवढंच मनाशी होतं.

शाळेच्या दारात पोचले तर आत चिखल झालेला. पाण्याचा माठ फुटून पडला होता आणि खापऱ्या वर्गभर गेल्या होत्या. दाराजवळच्या पोरींनी मला हळूच सांगितलं. आमच्या मुलीनं तहान लागली म्हणून स्वतःच्या हातानं माठातून पाणी घेतलं, आणि ते बघून बागाइतदाराच्या मुलानं लाथेनं माठ पाडला. आता तो तिथंच छाती काढून उभा होता. चौथीत नापास होत राहिलेला मोठा मुलगा, ओठांवर कोवळी लव आलेला. गुरुजींच्या कानशिलावरची शीर तटतटून आली होती. त्यांनी डाव्या हातानं फोक काढला, उजवं मनगट अजून सुजलेलं होतं.

आणि आमची मुलगी उठली. परकर भिजून पायाला चिकटलेला, तहान तशीच. माठ लाथाडला त्यानं, पाणी सांडलं त्यानं, अपमान झाला तिचा, आणि मारासाठी पुढं येऊन हात धरला तोही तिनंच. मी तिचं तोंड पाहिलं. त्यावर भीती नव्हती. रोजचं झाडलोट करायला उठलेल्या बाईच्या तोंडावर जेवढा कंटाळा असतो तेवढा होता. तो कंटाळा मला सहन झाला नाही.

मी आत गेले, तिचा हात खाली ओढला, तिला मागं सारलं आणि तिच्या जागी माझा हात धरला.

"घरचं माणूस आधी ना? मी बी घरचीच हाय. मारा."

गुरुजी दबक्या आवाजात म्हणाले, घरी जा. मी हलले नाही. पुन्हा म्हणाले, जा, आणि त्यांचा आवाज कापला. तेव्हा बागाइतदाराचा मुलगा हसला. मोठ्यानं नाही, नुसतं नाकातून. पण त्या हसण्यानं गुरुजींचा तोल गेला आणि त्यांनी फोक हाणला.

तो माझ्या तळहातावर आणि मनगटावर एकदमच बसला. काचेच्या बांगड्या फुटून काचा आत घुसल्या. मी हात मागं घेतला नाही. दुसरा बसला. मी त्यांच्याकडं बघतच होते, आणि खरं सांगते, त्या क्षणी त्यांच्या हातून मला मारलं जावं असं मला वाटतही होतं. म्हणजे मला त्यांचा पुरता राग करता आला असता. तिसरा बसला तेव्हा रक्ताचे थेंब खालच्या चिखलात पडायला लागले आणि पुढची लहान पोरं रडायला लागली. मग गुरुजी माझ्यापासून वळले. बागाइतदाराच्या मुलापुढं जाऊन उभे राहिले आणि फोक वर केला. तो आता हसत नव्हता. त्यानं मुकाट्यानं हात पुढं केला, मार खाल्ला, जागेवर जाऊन बसला आणि हात काखेत दाबून धरला. घरचं माणूस आधी झालं होतं, आणि त्या वर्गाच्या हिशेबानं सगळं रीतसर होतं.

तिथं उभी असतानाच मला उमगलं. मुलगीच लागते असं नाही. धाकटाच लागतो असंही नाही. घरचं कुणीही चालतं.

दुपारी गुरुजी घरी आले आणि माझ्यासमोर जमिनीवर बसले. सुई तापवून त्यांनी माझ्या मनगटातल्या काचा एकेक करून काढल्या. लई लागलं का, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "लागलं. पोरीला दोन सालांपासून लागून राह्यलंय." मी त्यांना सांगितलं, की ती सोमवारी जाणार, धाकटा त्या वर्गात बसणार नाही, आणि बदली होईपर्यंत आधीचा मार मी खाईन, शाळेतून नुसता निरोप पाठवायचा. ते रडले. मी त्यांना गप्प केलं नाही आणि रडू नका असंही म्हणाले नाही. उठून ते शाळेत गेले आणि दाखला लिहून घेऊन आले.

संध्याकाळी काठ्या येतात का म्हणून मी दाराकडं डोळे लावून होते. कुणी आलं नाही. बागाइतदार पारावर बसून म्हणाले म्हणे, की बायकोलासुद्धा सोडत नाही, गुरुजी मर्द माणूस आहे. शेजारणीनं हे मला कौतुकानं येऊन सांगितलं. मी आतून कडी घातली.

रविवारभर मुलगी माझ्याभोवती फिरत राहिली. जायचं का नाही हे ती बोलत नव्हती. तिचे कपडे मी पिशवीत भरले, तर तिनं ते काढले नाहीत, पण हातही लावला नाही. माझ्या हाताची पट्टी सोडून बघायची, पुन्हा बांधायची. दुखतं का, म्हणून विचारायची. मी नाही म्हणायचे, आणि ती माझ्याकडं अशी बघायची की खोटं बोलल्याची मला लाज वाटायची.

सोमवारी आम्ही दोघी पहिल्या गाडीनं जालन्याला गेलो. गुरुजी सडकेपर्यंत आले, पण तिच्या डोक्यावर हात ठेवायची त्यांची हिंमत झाली नाही. तिनंच वाकून त्यांच्या पायाला हात लावला. स्टँडवरून टांगा करून भावाकडं पिशवी ठेवली आणि आम्ही शाळेच्या फाटकापाशी आलो. आतून मुलींचा कलकलाट ऐकू येत होता. झोपाळ्यावर दोघी-तिघी एकदम चढल्या होत्या. मी तिला म्हणाले, चल. ती थांबली.

"माय, हात दाखव," ती म्हणाली. "तसा न्हाई. तवा धरल्ता तसा."

मी पिशवी खाली ठेवली आणि रस्त्यावरच पट्टीचा हात पुढं धरला. तिनं तो नीट पाहिला. माझा अंगठा तिनं बाहेर ओढला, आत घेतला तर मोडतो म्हणाली. कोपर जरा वाकवलं, हात एवढा ताठ धरायचा नसतो म्हणाली. बांगड्या घालून जायचं नाही. मग माझ्या हनुवटीला बोट लावून तिनं माझं तोंड वर केलं.

"अन् फोकाकडं बघायचं न्हाई. बाबांच्या तोंडाकडं बघायचं. मंग ते जरा हळू मारतेत."

मी तसं करून दाखवलं. तिनं एकदा पुन्हा बघून घेतलं, तिची खात्री झाली, आणि मग ती शाळेत गेली.